माहेरचं नाव विचारलंत का?

अनंत चतुर्दशी झाली की दोन-तीन दिवसांत आपल्या कुळाच्या ऑनलाइन वंशवृक्षावर नव्या माणसांची रांग लागते. एरवी महिन्याला एखादं माणूस येतं, पितृपंधरवड्यात रोज एक-दोन. तर्पणाला तीन पिढ्यांची नावं लागतात. गुरुजी मध्येच थांबून ‘पणजीचं नाव?’ विचारतात, यजमान बायकोकडे बघतो आणि बायको छताकडे. संध्याकाळी कोणी चुलतभाऊ आपली लिंक पाठवतो आणि माणूस आपल्या दारात उभं. येणाऱ्याला वंशावळीचा छंद वगैरे नसतो. त्याची गुरुजींसमोर थोडी फजिती झालेली असते आणि त्याला एक नाव हवं असतं. ते आधी द्या, बाकी सगळं मागाहून.

मागच्या वर्षी मी एकटीच होते, घाईत होते, आणि एक घोळ घातला. तो अजून निस्तरलेला नाही. यंदा स्वागताला आपण चौघं आहोत, म्हणून पौर्णिमेच्या आत काय तयार हवं ते लिहून टाकते.

नमस्कार, ओळख, शाखा, मूळ गाव हे विचारायला तुम्हाला शिकवायला नको. एका माणसाला आपल्यातल्या एकानंच उत्तर द्यायचं. गोत्र, कुलदैवत विचारा, येत नसेल तर पुढे चला, चेहरा करू नका. नियमांचं चौदा पानी पत्रक पहिल्याच दिवशी पाठवू नका. ते मीच लिहिलंय आणि मीसुद्धा पुन्हा उघडलेलं नाही.

आता माहेरचं नाव. नवं माणूस ज्या बाईचं नाव घेऊन येईल, आई, आजी, पणजी कोणीही, तिचं माहेरचं नाव विचारायचं. नुसतं आडनाव पुरत नाही. पहिलं नाव, बापाचं नाव, आडनाव, जमलं तर गाव. ते लिहून होईपर्यंत झाडाला हात लावायचा नाही.

झालं होतं असं. साठीच्या एक बाई आल्या, बडोद्याच्या. ‘माझी पणजी लक्ष्मीबाई,’ म्हणाल्या. पणजोबांचं नाव सांगितलं, गाव जुळलं. झाडात त्या पणजोबांच्या शेजारी लक्ष्मीबाई होत्याच. मी आनंदानं ‘सापडल्या!’ म्हणून लिहिलं, त्यांची अख्खी शाखा लक्ष्मीबाईंना जोडली आणि एडिटचा ॲक्सेसही देऊन टाकला. पाच मिनिटांत काम. त्या लक्ष्मीबाई शके 1824 मध्ये (म्हणजे इसवी 1902-03) प्लेगात गेल्या होत्या, मूलबाळ नव्हतं. बाईंचे आजोबा 1911 चे. म्हणजे मेलेल्या बाईला मी आठ-नऊ वर्षांनी मुलगा दिला. स्क्रीनवर लाल खूणही आली होती, मी ‘ठीक आहे’ दाबलं.

बाईंनी ते हौसेनं आपल्या नव्वदीच्या आत्याला दाखवलं. आत्या म्हणाली, ही माझी आजी नव्हे, ही थोरली. माझी आजी दुसरेपणाची. सासरी दोघींचं नाव लक्ष्मीच ठेवलेलं. मग बाईंनी रागानं थोरलीचं पान खोडलं, दुसऱ्या शाखेच्या एकांनी ते परत आणलं, दोन दिवस वादावादी झाली आणि बाई निघून गेल्या. धाकट्या लक्ष्मीबाईंच्या माहेरच्या नावाची जागा आजही रिकामी आहे. ते आत्याला माहीत आहे. आता कोणत्या तोंडानं विचारायचं?

माहेरचं नाव पहिल्या दिवशी विचारलं असतं तर दोन वेगळी नावं समोर आली असती, दोन वेगळी पानं झाली असती आणि विषय तिथेच संपला असता.

आपल्याकडे हे नाव इतकं का हरवतं, तेही नव्या माणसाला सांगा, म्हणजे प्रश्न आगाऊपणाचा वाटत नाही. लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नवं नाव लिहायचं, की जुनं संपलं. पुढे सासरघरचं श्राद्ध सासरच्या नावानं, त्यामुळे तेवढंच पाठ राहतं. आणि सासरची नावं मोजकी: लक्ष्मी, रमा, सरस्वती, पार्वती, जानकी. नुसत्या सासरच्या नावावर माणूस ओळखणं म्हणजे सदाशिव पेठेत जोशी शोधणं. कोणाला पटत नसेल तर मी ओळखीची उदाहरणं देते. देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांच्या घरी जन्मलेली यमुना म्हणजे पुढच्या रमाबाई रानडे (न्यायमूर्तींच्या त्याही दुसऱ्या पत्नी). कल्याणच्या जोशांकडे 1865 मध्ये जन्मलेली यमुना म्हणजे डॉक्टर आनंदीबाई. आनंदीबाई माहेरच्याही जोशी आणि सासरच्याही जोशीच, त्यामुळे ‘माहेरचं आडनाव’ एवढंच विचारून भागत नाही. झाशीची राणी माहेरची मनकर्णिका तांबे, लक्ष्मीबाई टिळक माहेरच्या मनकर्णिका गोखले, सासरी दोघी लक्ष्मी. बाया कर्वे जन्मानं गोदूबाई जोशी, बालपणीच्या लग्नानं नातू, 1893 च्या पुनर्विवाहानंतर आनंदीबाई कर्वे. एका बाईची तीन आडनावं आणि दोन नावं! या सगळ्यांवर लिहिलं गेलं म्हणून आपल्याला कळतं. आपल्या पणज्यांवर कोणी लिहिलेलं नाही.

माहेरचं नाव आठवतच नसेल तर? बहुतेकांना आठवत नाही, तिथे सोडून देऊ नका. ‘पणजीचे भाऊ कोण?’ विचारा. मामाकडचं आडनाव माणसं विसरत नाहीत, कारण आजोबा सुट्टीत तिकडे जायचे. लग्नपत्रिका, आहेराच्या याद्या, जुन्या भांड्यांवर घातलेली नावं बघायला सांगा. माहेरून आलेल्या तांब्यावर कधीकधी बापाचं नाव असतं. तेही नसेल तर पानावर ‘माहेर अज्ञात’ असं स्पष्ट लिहा. रिकामी जागा बघून पुढचा माणूस सासरचंच आडनाव तिथे भरतो. हे आपल्याकडे सतरा वेळा झालंय.

पुरुषांच्या नावांचा वेगळा ताप. आजोबांचं नाव नातवाला, त्यामुळे विष्णू महादेव, मग महादेव विष्णू, मग पुन्हा विष्णू महादेव. नवं माणूस स्वतःच्या वडिलांना बिनदिक्कत पणजोबांच्या जागी बसवतं. सालाशिवाय नाव घेऊ नका. साल आठवत नाही म्हणतील. मग असं विचारा: पानशेतच्या पुराआधी की नंतर? कोयनेचा भूकंप झाला तेव्हा चालत होते का? मागच्या पिढीसाठी 1918 ची मानमोडी (फ्लूची साथ), त्याआधी प्लेग. या खुंट्यांना माणसं बरोबर अडकतात. जुन्या वहीत शक असेल तर 78 मिळवा, पण शक बदलतो चैत्रात. माघ-फाल्गुनातली नोंद असेल तर 79. प्लेगातल्या थोरल्या लक्ष्मीबाईंचं साल तरी मी नीट काढलं होतं, बघितलं मात्र नाही.

दत्तक. नाव फक्त बायकांचं बदलतं असं नाही. कवळाण्याचा गोपाळ 1875 मध्ये बडोद्याला दत्तक गेला आणि सयाजीराव झाला. दत्तक माणसाचं एकच पान ठेवा आणि दोन्ही घरं जोडा. जन्मदात्या घरचं कोणी आलं तर ‘तो आता आमचा’ असलं काही बोलू नका. आणि त्याच्या दोन्ही आयांची माहेरं लिहा. हो, दोन्ही.

जिवंत माणसांबद्दल एकच गोष्ट, पण कडक. त्यांचे जन्मदिनांक, फोन, पत्ते झाडावर दिसता कामा नयेत. नवा माणूस उत्साहात सगळ्या भाचरांचे वाढदिवस भरतो, त्याला पहिल्याच निरोपात अडवा. इथे माहेरच्या नावाचीही खबरदारी घ्या. बँका ओळख पटवायला आईचं माहेरचं आडनाव विचारतात. तेव्हा जिवंत बाईचं माहेर आपण विचारून आतल्या नोंदीत ठेवायचं, पानावर उघडं टाकायचं नाही. ‘मग विचारायचंच कशाला?’ असं कालच आपल्यापैकी एकांनी म्हटलं. वर बडोद्याची गोष्ट लिहिली आहे ती पुन्हा वाचा.

2023 पासून आणखी एका कामासाठी लोक येतात: कुणबी जातीच्या दाखल्यासाठी वंशावळ. त्यांना पहिल्याच दिवशी सांगून टाका की आपलं झाड म्हणजे पुरावा नाही. पुरावा म्हणजे गाव नमुना 14, म्हणजे जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, जिला कोतवाल बुक म्हणतात, शाळेचा जनरल रजिस्टरचा उतारा, फेरफार, आणि ते तहसील नाहीतर शाळेतून मिळतात. मोडीतले कागद असतील तर वाचणारा जाणकार शोधा. आपण नावांची दिशा दाखवू शकतो, शिक्का देऊ शकत नाही. हे न सांगता महिनाभर ताटकळत ठेवलं तर शिव्या खायची तयारी ठेवा. हे कागद हातात आले तर आपणही एक फोटो मागावा, अर्थात आईचं नाव कुठे आहे का बघायला. बहुधा नसतं.

मॉरिशसहून कोणी आलं तर गोंधळू नका. तिकडे गिरमिटिया (करारावर नेलेले मजूर) म्हणून गेलेल्या मराठी माणसांचं पहिलं नावच पुढे घराण्याचं आडनाव होऊन बसलं, तेही फ्रेंच वळणाच्या स्पेलिंगात. आडनावावरून शोधू नका. त्यांना मोकाच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमधल्या नोंदीतला क्रमांक विचारा, त्यात गाव आणि जहाज सापडू शकतं. अशा माणसाला जरा जास्त वेळ द्या, तो लांबून आलाय.

नाजूक गोष्टी: टाकलेली बायको, आंतरजातीय लग्न, घर सोडून गेलेला काका. नव्या माणसानं स्वतःहून सांगितलं तर ऐकून घ्या आणि त्याला विचारल्याशिवाय लिहू नका. जुन्या सभासदांनी सांगितलं तर लिहूच नका.

फोटो: मागची बाजूही मागवा, नावं तिथेच असतात. दिवसाउजेडी, खिडकीपाशी, फ्लॅश बंद. मूळ कागद टपालानं मागवू नका, मी मागवले होते, जाऊ दे.

एडिटचा ॲक्सेस पंधरा दिवसांनी, आणि फक्त स्वतःच्या शाखेपुरता. दोन पानं एकत्र करायची असतील तर आपल्यापैकी दोघांनी बघितल्याशिवाय नाही. बघताना पहिल्यांदा काय ताडून बघायचं ते आता सांगत नाही. लाल खूण आली तर ‘ठीक आहे’ दाबू नका, थांबा.

पुरवणी: निरोपाचा मसुदा मी तयार ठेवलाय, चार ओळींचा. तिसरी ओळ माहेरच्या नावाची आहे. ती कोणी ‘रुक्ष वाटते’ म्हणून काढू नये. इंग्रजीतून लिहिणाऱ्या मुलांसाठी तेच इंग्रजीत हवंय, कोणीतरी करा. अमेरिकेतल्यांना रात्री उत्तर द्यायला एक जण लागेल.

सर्वपित्रीला सगळे एकदम येतात. मी त्या दिवशी दुपारी दोननंतरच आहे, त्याआधी आमच्याकडे पान वाढायचं असतं. तोवर तुम्ही तिघं सांभाळा, आणि बडोद्याच्या बाई चुकून आल्याच तर त्यांना मला फोन करायला सांगा. तुम्ही काही जोडू नका.