उजवे हृदय निकामी करण्याचे रॅट-मॉडेल: मोनोक्रोटालिन कसे वापरावे

ज्या औषधाची चाचणी घ्यायची त्याचा परिणाम फुप्फुसावर बघायचाय की थेट उजव्या निलयावर (हृदयाचा खालचा उजवा कप्पा), हे आधी ठरवा. थेट निलयावर बघायचा असेल तर फुप्फुस धमनीला ती अरुंद करणारी क्लिप लावणेच बरे, कारण तिथे भार ठरलेला राहतो. मोनोक्रोटालिन फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या बिघडवून निलयावर भार चढवते; इथे औषधाने त्या वाहिन्या सुधारल्या की भार उतरतो, आणि निलय सुधारले ते औषधाने की भार घटल्याने, हे सांगता येत नाही.

मोनोक्रोटालिन हे खुळखुळ्याच्या कुळातल्या झाडांचे विष. संस्थेच्या प्राणी नीती समितीची मंजुरी घेऊन १८०-२२० ग्रॅमचे नर विस्टार किंवा स्प्रॅग-डॉली रॅट घ्या. माउस नको: विषारी रूप यकृतात तयार होते आणि माउसमध्ये परिणाम कच्चाच राहतो.

२०० मिलिग्रॅम पूड सुमारे १ मिली १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवा, सलाइन घाला, सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने टाकत पीएच ७.४ वर आणा आणि एकूण १० मिली करा. मोठा थेंब पडला की द्रावण गढूळ होते. मात्रा ६० मिलिग्रॅम प्रति किलो, त्वचेखाली, एकदाच. म्हणजे २०० ग्रॅमच्या रॅटला ०.६ मिली. कंट्रोल (तुलनेच्या) गटाला मोनोक्रोटालिन सोडून बाकी तेच द्रावण. ग्लोव्हज आणि फ्यूम हूड हवेतच. ३० मिलिग्रॅमवर बहुधा निलय नुसतेच जाड होते, निकामी होत नाही.

दुसऱ्या आठवड्यात फुप्फुस धमनीतला दाब चढू लागतो, तिसऱ्यात निलय जाड होते, चौथ्यात प्राणी ढासळतात. त्या आठवड्यात रोज वजन करा. वजन झपाट्याने उतरले, केस पिंजारले, श्वास जड झाला की त्या प्राण्यावरचा प्रयोग तिथेच थांबवा. सकाळी पिंजऱ्यात मेलेला रॅट म्हणजे हातचा डेटा गेला, आणि जनावराचे हालही झाले.

निलय जाड झाले म्हणजे निकामी झाले, असे लिहिणारे पुष्कळ सापडतात. इकोवर (हृदयाची सोनोग्राफी) टॅप्सी, म्हणजे उजवे निलय आकुंचताना झडपेचे कडे किती सरकते ते माप, आणि हृदयाचे आउटपुट घसरलेले दाखवा. पोटात, छातीत पाणी साठले का तेही नोंदवा. दाब मोजायला कॅथेटर घालताना भुलीचे आयसोफ्लुरेन १.५-२ टक्के ठेवा. भूल खोल गेली की दाब खोटा कमी दिसतो.

शेवटी हृदयाचे वजन करताना अलिंदे (वरचे कप्पे) कापून टाका, आतल्या गुठळ्या टिपून घ्या. उजव्या निलयाच्या भिंतीचे वजन भागिले डावे निलय अधिक मधला पडदा यांचे वजन: निरोगी रॅटमध्ये साधारण ०.२५-०.३. निलयाचे वजन शरीराच्या वजनाने भागू नका, आजारी रॅट हडकतो आणि आकडा फुगतो. त्याऐवजी भागायला नडगीच्या हाडाची लांबी घ्या.