पित्ताशय काढून घरी आल्यावर काय बघायचं

ह्यांचं पित्ताशय दुर्बिणीतून काढलं आणि दुसऱ्याच दिवशी घरी सोडलं. खांदा दुखत होता. तो ऑपरेशनच्या वेळी पोटात भरलेल्या गॅसमुळे दुखतो, दोन-तीन दिवसांत थांबतो. त्याला घाबरू नका.

पण पोटाचं दुखणं रोज थोडं कमी व्हायलाच हवं. आमच्याकडे चौथ्या दिवशी उलट वाढलं. पोट फुगलं, जेवण नको झालं, ताप 101. मी आपली 'गॅस असेल' म्हणत ओव्याचं पाणी पाजत बसले, एक अख्खा दिवस फुकट घालवला. तुम्ही सरळ सर्जनला फोन करा.

रोज सकाळी खिडकीपाशी नेऊन डोळ्यांचा पांढरा भाग बघा. ट्यूबलाइटमध्ये पिवळेपणा कळत नाही. लघवी कोऱ्या चहासारखी, शौचाला पांढुरकं, अंगाला खाज, असं असेल तर पित्तनलिका अडली असू शकते. पट्टीवर हिरवट-पिवळा डाग दिसला तर पित्त गळत असू शकतं, फोटो काढून ठेवा.

ह्यांच्या सोनोग्राफीत पोटात पित्त साठलेलं निघालं. नळी घातली, तर पिशवीत पालक उकडलेल्या पाण्यासारखं हिरवं! मग ईआरसीपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेत स्टेंट (नलिका मोकळी ठेवणारी छोटी नळी). तो काढायची तारीख कॅलेंडरवर लिहाच, विसरलेला स्टेंट तुंबतो. मुख्य नलिकाच कापली गेली असेल (हजारात 3 ते 5 जणांना नलिकेला इजा होते) तर दुरुस्ती यकृत-पित्तमार्गाच्या सर्जनकडूनच करून घ्या. ऑपरेशनचे कागद आणि सीडी मागून घ्या, लाजू नका.