सिंथेसायझर यूएसबीने जोडून मल्टिट्रॅक रेकॉर्डिंग (प्रत्येक भाग वेगळ्या ट्रॅकवर) कसे करावे

यूएसबी जोडली की सिंथचा आवाज आपोआप संगणकात येतो, असा समज सर्रास दिसतो. पण पुष्कळ वाद्यांच्या यूएसबीतून फक्त मिडी जाते: कोणती पट्टी केव्हा, किती जोरात दाबली, एवढीच माहिती. म्हणून आधी मॅन्युअलमध्ये ‘यूएसबी ऑडिओ’ शोधा. यामाहाचा एमओडीएक्स यूएसबीवरून ऑडिओचे १० चॅनेल पाठवतो. तुमच्या वाद्यातून मिडीच जात असेल, तर लाइन आउटचे दोन्ही जॅक ऑडिओ इंटरफेसला, म्हणजे आवाज संगणकात घेणाऱ्या डबीला लावा.

१. विंडोजवर कंपनीचा ड्रायव्हर असेल तर तो आधी टाका, मग केबल जोडा. चौकोनी तोंडाची केबल लागत असेल तर बर्डीत (नागपूरच्या सीताबर्डी बाजारात) प्रिंटरची केबल मागा, तीच असते. शक्यतो हब टाळा.

२. रीपरसारख्या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये विंडोजवर एएसआयओ (आवाज कमी उशिराने पोचवणारा) ड्रायव्हर निवडा. सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो आकडा) वाद्याचा असेल तोच ठेवा. ४४.१ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर (संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) म्हणजे साधारण ३ मिलिसेकंद. वाजवताना एवढा उशीर जाणवत नाही.

३. यूएसबी ऑडिओचे चॅनेल भरपूर असतील तर ड्रम, बेस, पॅड (मागे लांब चालणारे सूर) वेगवेगळ्या चॅनेलवर पाठवा आणि प्रत्येकाला ट्रॅक द्या. दोनच चॅनेल असतील तर माझ्या मते उत्तम रस्ता हा: सिंथचे लोकल कंट्रोल (पट्ट्यांनी थेट स्वतःचाच आवाज वाजवणे) बंद करा, नाहीतर प्रत्येक स्वर दोनदा वाजेल: एकदा पट्टीमुळे, एकदा संगणकातून परत आलेल्या मिडीमुळे. सगळे भाग आधी मिडीत रेकॉर्ड करा, चुका तिथेच दुरुस्त करा. मग एकेक भाग सोलो करून (बाकीचे बंद ठेवून) त्याचा ऑडिओ गाण्याच्या पहिल्या मात्रेपासून घ्या. वेळ लागतो, पण मिक्सिंगच्या वेळी बेसला हात लावताना पॅड हलत नाही. लेव्हल उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा.

४. दोन सिंथ असतील तर विंडोजवरची बहुतेक सॉफ्टवेअर एका वेळी एकच एएसआयओ ड्रायव्हर घेतात. दोघांची मिडी यूएसबीने आणि आवाज एकाच इंटरफेसमधून घेतलेला बरा. मॅकवर अ‍ॅग्रिगेट डिव्हाइस, म्हणजे दोन्ही यंत्रे मिळून एकच दिसणारे उपकरण, बनवता येते. त्यात दोघांची वेळ सरकू नये म्हणून ड्रिफ्ट करेक्शन लावा.

गुणगुण ऐकू आली तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. थांबली, तर तो ग्राउंड लूप, म्हणजे यंत्रांच्या अर्थिंगमधून फिरणारा विजेचा फेरा. सगळी यंत्रे एकाच बोर्डावर घ्या. तरीही राहिली तर लाइन आउटच्या वाटेवर ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (दोन यंत्रांचा विजेचा संबंध तोडून आवाज पुढे नेणारी डबी) लावा. नागपूरच्या मे महिन्यात कूलरही कारण असू शकतो. रेकॉर्डिंगपुरता तो बंद ठेवा. उन्हाळ्यात माती सुकली की अर्थिंग कमजोर होते, अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत राहा. गुणगुण घालवायला प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नका. जिवाला धोका असतो.