मे महिन्यातल्या कोर्दोबाची तयारी

कोर्दोबाला जायचं तर मे महिन्यात, हे आधी ठरवून टाका. दक्षिण स्पेनच्या अंदालुसियातलं हे शहर मे महिनाभर सणातच असतं. सुरुवातीला चौकाचौकांत फुलांचे क्रूस उभे राहतात, मग साधारण दोन आठवडे पातिओंचा, म्हणजे घरांच्या फुललेल्या अंगणांचा उत्सव आणि शेवटी नदीकाठच्या मैदानावर मोठी जत्रा, म्हणजे फेरिआ. उन्हाळ्याच्या सुटीचं निमित्त काढून जुलै-ऑगस्टमध्ये मात्र जाऊ नका. 2021च्या ऑगस्टमध्ये 47.6 अंशांचा स्पेनमधला विक्रम नोंदला गेला, तो याच प्रांतातल्या ला राम्ब्ला गावात. विदर्भातल्या माणसालाही हा आकडा जड वाटेल.

मे ठरला की पहिलं काम राहण्याच्या जागेचं, कारण जुन्या शहरातल्या खोल्या फार लवकर भरतात. रद्द करता येईल असंच बुकिंग घ्या, व्हिसासाठीही बुकिंग दाखवावं लागतं. स्पेनसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक व्हिसा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळी सुटीच्या तोंडावर अपॉइंटमेंट मिळणं कठीण होतं, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीतच कागद जमवा. प्रवास विमा किमान 30,000 युरोंचा हवा आणि परतल्यावरही पासपोर्टची मुदत निदान तीन महिने उरलेली हवी. माद्रिदहून वेगवान रेल्वेने कोर्दोबा पावणेदोन तासांवर आहे, सेव्हियाहून पाऊण तासावर. ही तिकिटंही आधी काढलीत तर स्वस्त पडतात.

आता पातिओ. हे राहत्या घरांचे अंगण-चौक, भिंतींवर निळ्या कुंड्यांत जिरेनियम फुललेली. या अंगणांची स्पर्धा 1921पासून भरते आणि 2012 साली युनेस्कोने हा उत्सव अमूर्त वारशाच्या यादीत घेतला. प्रवेश फुकट, पण दुपारी दोन ते सहा दारं बंद, आणि शनिवार-रविवारी रांगा गल्लीच्या टोकापर्यंत. म्हणून मुक्काम आठवड्याच्या मधल्या दिवसांत ठेवा. नगरपालिकेचा नकाशा घ्या आणि एका वेळी एकच भाग पाहा. सान बासिलिओपासून सुरुवात केलेली बरी. उंचावरच्या कुंडीला लांब वेताच्या टोकाला बांधलेल्या डब्याने पाणी घालणारी आजी दिसली तर थांबा, दोन शब्द बोला. ते तिचं घर आहे. फोटोसाठी कुणाला बाजूला सारू नका.

मेस्कीतेसाठी एक अख्खी सकाळ राखून ठेवा. 785 साली इथला मुस्लिम राज्यकर्ता पहिला अब्द अल-रहमान याने बांधायला घेतलेली ही मशीद 1236मध्ये कॅथेड्रल झाली. लाल-पांढऱ्या दुहेरी कमानींच्या रांगांमधून चालताना मधोमध अचानक सोळाव्या शतकातलं उंच चर्च उभं ठाकतं. मला ते आजही खटकतं, पण त्यासकट पाहायला हवं. सोमवार ते शनिवार सकाळी साडेआठ ते साडेनऊ प्रवेश विनामूल्य असतो. गर्दीही तेव्हाच कमी. घंटेच्या मनोऱ्यावर चढायचं तर तिकीट वेगळं. शहराबाहेर आठेक किलोमीटरवर मेदिना अझाहराचे अवशेष आहेत, तिसऱ्या अब्द अल-रहमानची राजधानी, दहाव्या शतकात उभारलेली आणि पाऊणशे वर्षांतच लुटली गेलेली. तिथे सोमवारी सुट्टी असते, सावली जवळजवळ नाही. टोपी, पाण्याची बाटली आणि जाड तळव्याचे बूट इथेच उपयोगी पडतात.

शाकाहाऱ्यांनी दोन शब्द पाठ करावेत: ‘सिन हामोन’, म्हणजे हॅमशिवाय. टोमॅटो-पावाचं थंडगार, दाट साल्मोरेखो दिसतं शाकाहारी, पण वर हॅम आणि उकडलेल्या अंड्याचा चुरा येतो. तळलेल्या वांग्यावर उसाची काकवी घालून देतात, ते नक्की मागवा. रात्रीचं जेवण साडेआठ-नऊच्या आधी मिळणं अवघड, तेव्हा बॅगेत चिवडा असू द्या. मोबाइलच्या चार्जरचा दोन पिनांचा आपला प्लग तिथे चालतो, तीन पिनांचा चालत नाही.

एक दिवस शहराबाहेरचा असू द्या. आल्मोदोवार देल रिओचा किल्ला जवळ आहे. डोंगरातलं पांढरंशुभ्र सुएरोस गाव दूर, ऑलिव्हच्या बागांमधून जावं लागतं. गावांच्या बस मोजक्या, परतीची वेळ आधी बघा. गाडी भाड्याने घेणार असाल तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना इथूनच काढून न्या, आणि जुन्या कोर्दोबात ती गाडी नेऊ नका: गल्ल्या अरुंद आहेत आणि बऱ्याच भागात बाहेरच्या वाहनांना मनाई आहे.