परदेशी शाळेत मुलांचे नाव जपताना

अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये शाळेत जाणारी ज्ञानदा एके दिवशी घरी येऊन ‘मला नुसते डी म्हणा’ असे सांगते, तेव्हा तिला रागावू नये आणि लगेच होकारही देऊ नये. नेमके काय घडले, हे आधी विचारावे. शिक्षक हजेरीत अडखळतात म्हणून तिला संकोच वाटतो, की कोणी मुद्दाम थट्टा करते? थट्टा असेल तर शाळेशी बोलणे भाग आहे.

अडचण उच्चाराचीच असेल तर ती बहुधा लेखनातून येते. ‘ज्ञ’साठी आपण रोमन लिपीत डी-एन-वाय लिहितो, आणि ही अक्षरजुळणी इंग्रजी वाचणाऱ्याला उलगडत नाही. म्हणून सत्र सुरू होण्यापूर्वी शिक्षकांना नावाचा उच्चार ध्वनिमुद्रित करून पाठवावा आणि मुलीकडूनही तो दोनतीनदा न लाजता म्हणवून घ्यावा. ‘ळ’ मात्र इंग्रजीत नाहीच. तिथे ‘ल’वर समाधान मानावे.

एवढे करूनही तिला छोटे नाव हवेच असेल, तर ते तिनेच निवडावे, शिक्षकांनी सोयीसाठी ठेवू नये. बारशाला आत्याने कानात सांगितलेले नाव एक आणि घरात रुळलेले बाळ, बंडू किंवा छकुली दुसरे, ही आपलीच जुनी रीत असल्याने ‘ज्ञानू’ म्हणवून घेण्यात गमावण्यासारखे काही नाही. कागदोपत्री नाव मात्र घाईने बदलू नये. मधल्या रकान्यातले वडिलांचे नाव पाहून वर्गमित्र हसले, तर ती पद्धत कशी चालते, हे सांगणारी दोन वाक्ये तिला आधीच शिकवून ठेवावीत.