टेस्टसाठी डेटाबेसचा डेटा फाइलीत काढताय? या चुका टाळा

नागपूरच्या कळमना मार्केटमधल्या संत्र्याच्या अडत्यांसाठी आम्ही हिशेबाचं सॉफ्टवेअर करतो. रोज रात्री टेस्ट चालते: टेबलं फाइलीत काढायची आणि आधी तपासून ठेवलेल्या फाइलींशी जुळवायची. एका सकाळी येऊन बघतो तर सगळं लालेलाल, म्हणजे टेस्ट नापास. दुकानांचे फोन नंबर डेटाबेसमध्ये ०७१२ने सुरू, आमच्या फाइलीत मात्र ७१२ने. आमच्यातल्याच एकाने ती सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी टेक्स्ट फाइल) एक्सेलमध्ये उघडली आणि बंद करताना सेव्ह केली. "सर, मी तर काहीच नाही बदललं!" त्याने नाही, एक्सेलने बदललं. पुढचं शून्य ते खातं, आणि १५ अंकांपुढचे आकडे शून्य करून टाकतं. अशी फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्येच उघडा.

सीएसव्हीचं खरं दुखणं मात्र नल, म्हणजे 'इथे काही भरलेलंच नाही' ही डेटाबेसची खूण. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या कॉपी कमांडने काढलेल्या सीएसव्हीत नल म्हणजे दोन स्वल्पविरामांच्या मध्ये काहीच नाही. रिकामी स्ट्रिंग (एकही अक्षर नसलेला मजकूर) असेल तर तिथे दोन अवतरणचिन्हं. म्हणजे फाइलीत फरक आहे. पण पायथनचं सीएसव्ही मोड्यूल नेहमीच्या सेटिंगला दोन्ही रिकामी स्ट्रिंग म्हणूनच वाचतं. बग आत, टेस्ट हिरवी! लाल टेस्टपेक्षा मला ही जास्त छळते.

म्हणून मी आता जेसन (नाव आणि त्याची किंमत अशा जोड्यांनी डेटा लिहायची पद्धत) घेतो, पण एका ओळीत एक रेकॉर्ड आणि कीज, म्हणजे ती नावं, अक्षरानुक्रमे. नल तिथे नलच राहतो, आणि डिफमध्ये (दोन फाइलींतला फरक दाखवणाऱ्या यादीत) बदललेली ओळ तेवढी दिसते. रकमा स्ट्रिंग म्हणून लिहा, नाहीतर १२५०.५० चं १२५०.५ होतं आणि उगाच बोंब. एसक्यूएल डंप, म्हणजे डेटा परत भरायच्या कमांडींची फाइल, मला जुळवणीसाठी आवडत नाही. मायएसक्यूएल डेटाबेसचं मायएसक्यूएल-डंप हे टूल ढीगभर रो (नोंदी) एकाच इन्सर्ट कमांडमध्ये कोंबतं, त्यामुळे एक रुपया हलला तरी भलीमोठी ओळ बदललेली दिसते. तोच वापरायचा असेल तर स्किप-एक्स्टेंडेड-इन्सर्ट आणि स्किप-डंप-डेट हे दोन पर्याय द्याच. दुसरा नसला तर शेवटी छापलेल्या तारखेमुळे फाइल रोज वेगळी येते.

डेटा काढताना ऑर्डर बाय (नोंदींचा क्रम ठरवणारा एसक्यूएलचा भाग) विसरू नका. पोस्टग्रेसमध्ये रो अपडेट झाली की तिची नवी प्रत दुसरीकडे लिहिली जाते, मग क्रम बदलतो.

आपल्या मशीनवर पास, सर्व्हरवर फेल? आधी टाइमझोन बघा. नागपूरचे रात्रीचे १२ म्हणजे यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) आदल्या दिवशीचे संध्याकाळचे ६:३०. कळमन्यात माल पहाटे उतरतो, त्यामुळे आमच्या निम्म्या पावत्या एक दिवस मागे गेल्या होत्या. एक्सपोर्टआधी दोन्हीकडे सेशन (डेटाबेसशी जोडणी) यूटीसीवरच ठेवा, म्हणजे तारखा सारख्या येतात.

आणि एक अस्सल मराठी भानगड. 'व्यापाऱ्यांची' मधला ऱ कुणी एकाच अक्षराने टाइप करतं, कुणी र आणि खाली नुक्ता देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखे, बाइट वेगळे. यात माझी अख्खी दुपार गेली. दोन्ही बाजू युनिकोडच्या एनएफसी रूपात (अशी अक्षरं एकाच ठरावीक पद्धतीने लिहिणाऱ्या रूपात) आणून मगच जुळवा.