फिस्टुला रोज हाताने तपासायचा, तो असा

डायलिसिसच्या सुया घालता याव्यात म्हणून हातातली शीर धमनीला जोडून रुंद करून घेतात, तोच फिस्टुला. म्हणून डायलिसिस लागणार हे कळलं की आधी हातातल्या शिरा वाचवाव्या लागतात. उजव्या हाताने काम करणाऱ्याचा सहसा डावा हात राखून ठेवतात. त्या हातातून रक्त काढू देऊ नका, सलाईन लावू देऊ नका. अगदीच इलाज नसेल तर पंजाच्या मागची शीर द्या. वॉर्डात घाईच्या वेळी कोपराची शीर सोपी म्हणून तिथेच टोचतात आणि पुढे सर्जनच्या हाती धड शीर उरत नाही.

शस्त्रक्रियेत शीर धमनीला जोडतात. मनगटावरची ही जोडणी १९६६ पासून चालत आली आहे आणि जमत असेल तर अजूनही तीच आधी करतात. धमनीचं रक्त जोराने शिरलं की शीर रुंदावते, तिची भिंत जाड होते. त्याला साधारण ६ ते ८ आठवडे लागतात. डॉप्लरमध्ये (रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत) शीर ६ मिमी रुंद, त्वचेखाली ६ मिमीच्या आत आणि प्रवाह मिनिटाला ६०० मिली असेल तर ती तयार समजतात. कच्च्या शिरेत सुई घातली तर ती फुटते, हात काळानिळा पडतो.

तपासणी सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपताना करा. दुसऱ्या हाताची बोटं शीर-धमनी जोडल्या जागी हलकेच ठेवा. सलग थरथर लागली पाहिजे. नुसतेच जोरकस ठोके लागत असतील तर पुढे शीर अरुंद झाल्याचा संशय घ्यावा. मग हात डोक्याच्या वर उचला. फुगलेली शीर आता खाली बसायला हवी. बसली नाही तर डॉक्टरांना सांगा, डॉप्लर करून घ्या. गुठळी होण्याआधी अशी जागा शिरेत छोटा फुगा घालून, तो फुगवून रुंद करणं बरंच सोपं असतं.

थरथर अजिबात लागत नसेल तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, सेंटरला फोन करा. पुढच्या डायलिसिसपर्यंत थांबलात तर गुठळी घट्ट होते. चोळू नका. बीपी उतरलं, जुलाब-उलट्या झाल्या किंवा डायलिसिसमध्ये जास्त पाणी काढलं गेलं, की त्या दिवशी दोनदा नव्हे, चार वेळा हात लावून बघा. घट्ट बांगड्या, घड्याळ, बीपीचा पट्टा, त्या कुशीवर झोपणं, हे सगळं बंद.

सुई काढल्यावर दोन बोटांनी १० ते १५ मिनिटं दाबा, मध्येच उचलून बघू नका. त्वचेवरचं भोक आणि शिरेवरचं भोक थोडं पुढेमागे असतं, म्हणून दोन बोटं. दाब एवढाच की रक्त थांबेल, पण थरथर लागत राहील. दर वेळी अर्धा तास रक्त थांबत नसेल तर हेपॅरिनचं (डायलिसिसमध्ये रक्त गोठू नये म्हणून देतात त्या औषधाचं) प्रमाण तपासायला सांगा आणि शीर पुढे अरुंद झालीय का तेही बघायला सांगा.

टेक्निशियनला दर डायलिसिसला नवी जागा टोचायला सांगा. दुखत नाही म्हणून एकाच ठिकाणी टोचत राहिलं की तिथे फुगवटा येतो, त्वचा पातळ होऊन चकाकते. त्यावरची खपली भरत नसेल तर उशीर करू नका. ती फुटली तर रक्ताची धार लागते. टॉवेल गुंडाळत बसू नका, तो रक्त शोषतो आणि दाब पडत नाही. बोटाने नेमक्या भोकावर घट्ट दाबा, हात वर धरा, दुसऱ्याला १०८ ला फोन करायला सांगा.

लाली, पू, ताप किंवा बोटं गार पडून दुखणं, यांपैकी काहीही झालं तरी सर्जनला दाखवा. बोटं काळपट दिसू लागली तर लगेच.